स्वतःच्या गाडीने नेपाळला: सोनौली ओलांडण्याआधीची तयारी

भारत आणि नेपाळमध्ये १९५० साली शांतता आणि मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं व्हिसाशिवाय येतात-जातात. उत्तर प्रदेशातल्या सोनौली या सीमेवरच्या गावी, कमानीपाशी सकाळी पाच मिनिटं उभं राहिलात तरी हे दिसतं: सायकलवाले, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, नातेवाइकांकडे निघालेली कुटुंबं, सगळे सहज पलीकडे जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, आपणही असंच सरळ जाऊ.

चालत निघालात तर तसं जाताही येतं. पण एमएच पाटीची गाडी बरोबर असेल तर हिशेब बदलतो. नेपाळच्या लेखी तुम्ही पाहुणे असता, तुमची गाडी मात्र थोड्या दिवसांसाठी आत आणलेली परदेशी वस्तू असते. ती किती तारखेला आत आली आणि किती तारखेपर्यंत बाहेर गेली पाहिजे, याची नोंद होते. त्यामुळे या प्रवासाची तयारी म्हणजे मुख्यतः गाडीच्या कागदांची तयारी. मी नाशिकहून दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा जी काही अडचण आली ती गाडीच्या कागदांमुळे, माणसांच्या नाही. हे सगळं घरी बसून, निघायच्या तीन आठवडे आधी सहज करता येतं. सीमेवर पोचल्यावर ते होत नाही.

कधी जायचं, हे आधी ठरवा

दसऱ्यानंतर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वात चांगला. आकाश स्वच्छ असतं, रस्ते कोरडे असतात, पोखऱ्यातून अन्नपूर्णेची रांग दिसते. मार्च-एप्रिलही चालतो, फक्त धुरकं असतं.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. मी हे जपून जा अशा अर्थाने सांगत नाही, खरोखरच जाऊ नका. त्या महिन्यांत डोंगर रस्त्यावर येतो. १२ जुलै २०२४ ला नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळली आणि दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव परिसरातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. ज्या गावातून एवढी माणसं एकाच दिवशी गेली, त्या गावाला ऑगस्ट महिना कसा वाटत असेल हे सांगायला नको. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायची ओढ मला कळते. पण श्रावणातच जायचं असेल तर विमानाने जा.

निघायच्या आदल्या आठवड्यात नेपाळच्या बातम्या रोज बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं आणि संचारबंदी लागली, तेव्हा अनेक भारतीय प्रवासी वाटेत अडकले होते.

माणसांचे कागद

हा भाग सोपा आहे. भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यापैकी एक पुरतं. आधार कार्डाबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. भारताच्या गृह मंत्रालयाने आधारला प्रवासाचा कागद म्हणून मान्यता दिली ती १५ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी. मधल्या वयाच्या माणसाने फक्त आधारवर विसंबू नये. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखपत्र चालतं. कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडे मान्य कागद असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेलं आणि नातं दाखवणारं काहीतरी पुरतं. तरीही पासपोर्ट असेल तर तोच घ्या, कारण हॉटेल, सिमकार्ड, दवाखाना, सगळीकडे तोच पटकन चालतो.

परदेशात राहणारी मराठी मंडळी सुट्टीत येऊन भावंडांबरोबर गाडीने निघतात, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते) असेल तर नेपाळपुरते तुम्ही भारतीय नाही. गाडीतले बाकीचे सरळ जातील, तुम्हाला मात्र भारताच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागेल आणि पलीकडे नेपाळचा व्हिसा. ही कार्यालयं रस्त्याच्या कडेला असतात आणि गर्दीत सहज मागे सुटतात. चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तिथे थांबायचंय.

गाडीचे कागद: खरा अभ्यास इथे आहे

नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी, चारही कागद मूळ हवेत. आपल्याला मोबाइलवर डिजीलॉकर दाखवायची सवय झाली आहे. ती सीमेच्या या बाजूलाच सोडा. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढा, पासपोर्ट साइजचे फोटो ठेवा आणि सगळं एका फोल्डरमध्ये लावा.

भारतीय लायसन्स नेपाळात चालतं. आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. आरटीओत फॉर्म ४-ए भरून तो मिळतो आणि वर्षभर चालतो, पण तो इतर देशांसाठी. तसंच कार्नेट नावाचं कस्टम्सचं हमीपुस्तक इराण किंवा युरोपकडे गाडी नेणाऱ्यांना लागतं, नेपाळसाठी नाही. कुणी तुम्हाला नेपाळच्या नावाखाली यातलं काही घ्यायला लावत असेल तर पैसे वाया जातील.

आरसीवर कुणाचं नाव आहे ते बघा. पहिल्या खेपेला आम्ही थोरल्या भावाची गाडी घेऊन गेलो होतो. दादा बरोबर नव्हता. माझं लायसन्स, त्याची आरसी, आडनाव एकच, त्यामुळे प्रश्न येईल असं डोक्यातही आलं नाही. नेपाळच्या कस्टम्सच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, एका नावावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, आणि शांतपणे विचारलं, "गाडीधनी कहाँ?" मालक कुठे आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चोरीची गाडी सीमेपार जाऊ नये म्हणून ते विचारणारच. दादाला फोन, त्याच्याकडून हाताने लिहिलेलं पत्र, त्याच्या ओळखपत्राचा फोटो, मग गावात प्रिंट, यात सव्वातीन तास गेले. आई तेवढा वेळ गाडीत बसून होती.

म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर शंभर रुपयांच्या नव्हे, सध्या जो दर असेल त्या स्टॅम्प पेपरवर संमतिपत्र करून नोटरी करून घ्या. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, चालवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर आणि प्रवासाच्या तारखा असू द्या. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लेटरहेडवर पत्र. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घेतलेलं बरं. टॅक्सी पाटीच्या गाडीचे नियम वेगळे आहेत, तिथे ट्रॅव्हल्सवाल्याकडूनच रीतसर परवाने काढून घ्या.

आता विमा. इथे बहुतेक जण फसतात, आणि फसलोय हे कळतं ते अपघात झाल्यावर. आपली मोटार पॉलिसी फक्त भारतापुरती असते. पॉलिसीच्या कागदावर 'भौगोलिक क्षेत्र' असं लिहिलेलं असतं, त्यापुढे भारत एवढंच असेल तर बेलहियाच्या, म्हणजे सोनौलीपलीकडच्या नेपाळी नाक्याच्या, फाटकातून आत गेल्या क्षणी तुमची गाडी विम्याबाहेर. यासाठी विमा कंपन्यांकडे एक ठरलेलं कलम आहे, आयएमटी १. जादा हप्ता भरून त्यातून नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत क्षेत्र वाढवून मिळतं. हप्ता पॉलिसीच्या मानाने किरकोळ असतो. आमच्या एजंटने आधी "ऑल इंडिया आहे ना, चालतं हो" असं सांगितलं होतं. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कंपनीला ईमेल करा, कलमाचा नंबर लिहा आणि बदललेली पॉलिसी छापून हातात आल्याशिवाय सामान भरू नका. याला आठवडा लागू शकतो.

पैसे आणि फोन

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे हिशेब सोपा: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. किंमत सांगितली की "नेपाळी की भारतीय?" एवढं विचारायची सवय लावा. तिकडे भारतीय रुपयाला आयसी म्हणतात, नेपाळीला एनसी.

नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून छोटे दुकानदार मोठी नोट बघून कचरतात. शंभराच्या नोटेला मात्र कुठेच कुणी नाही म्हणत नाही. बँकेतून दोन-तीन गड्ड्या आधी सांगून काढा, ऐनवेळी मिळत नाहीत.

मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआय नेपाळातल्या फोनपे क्यूआरवर चालतं. हे फोनपे म्हणजे नेपाळमधली वेगळी कंपनी, आपल्या मोबाइलमधल्या त्याच नावाच्या ॲपशी तिचा संबंध नाही. सगळ्या बँकांची ॲप ही सोय देत नाहीत, तेव्हा घरूनच आंतरराष्ट्रीय यूपीआय चालू होतंय का ते बघा. डोंगरातल्या चहाच्या टपरीवर रोखच चालते. फास्टॅगचा तिकडे काही उपयोग नाही.

फोनसाठी पलीकडे एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं सिम घ्या. नकाशे आधीच उतरवून ठेवा. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा बरोबर तेवढीच पुढे आहे.

सोनौलीपर्यंत

नाशिकहून धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनऊ, गोरखपूर असा आमचा रस्ता. विदर्भातल्यांना नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज हा जवळचा. तीन दिवस धरा आणि शेवटचा मुक्काम गोरखपूरला करा. तिथून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत आहे. दुसरी वाट बिहारमधून रक्सौलची, काठमांडूला सरळ जाणाऱ्यांना ती सोयीची वाटते. तिकडून जाणार असाल तर लक्षात ठेवा, बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. गाडीत एक बाटली सापडली तरी नेपाळ राहील बाजूला.

निघण्याआधी गाडीचं सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, कूलंट, पाचवं चाक तपासा. दुसरी किल्ली बरोबर घ्या, पण वेगळ्या माणसाकडे द्या. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो तिकडे उडवता येत नाही.

सीमेवरची सकाळ

गोरखपूरहून पहाटे निघा, म्हणजे आठच्या सुमारास पोचता. सोनौलीच्या अलीकडे मालट्रकची रांग लागते, कधी कधी काही किलोमीटरची. पहिल्यांदा जाणारे बिचारे त्या रांगेमागे थांबतात. ती रांग तुमची नाही. मोटारी बाजूने पुढे जातात, पोलिसाला विचारा, तो हात करतो.

आधी भारताकडची तपासणी. सशस्त्र सीमा बलाचे जवान कुठे चाललात, कितीजण, एवढं विचारतात, कधी डिकी उघडायला लावतात. मग कमान, आणि पलीकडे बेलहिया.

इथे दोन-चार माणसं गाडीजवळ येतात. "भन्सार करायचं? चला, मी करून देतो." हे दलाल. त्यांची गरज नाही. गाडी बाजूला लावा, एकाने गाडीत थांबा आणि दुसऱ्याने फोल्डर घेऊन भन्सार कार्यालयात जा. भन्सार म्हणजे कस्टम्स. आपल्याला एक मोठी सोय आहे: सगळ्या पाट्या देवनागरीत असतात. भाषा थोडी वेगळी, पण वाचता तर येतं.

खिडकीवर आरसी आणि लायसन्स दिल्यावर किती दिवस हवेत ते विचारतात. शुल्क दिवसागणिक असतं, मोटारीचं वेगळं, दुचाकीचं वेगळं, आणि दरफलक लावलेला असतो. पैसे भरले की पावती आणि परवाना मिळतो. याखेरीज यातायात म्हणजे वाहतूक खात्याचा परवाना लागतो, तोही जवळच मिळतो. भन्सार झालं की "यातायात कहाँ हो, दाइ?" एवढं विचारा. दाइ म्हणजे दादा. या एका शब्दाने तिकडे समोरचा लगेच मऊ होतो. बाई असतील तर दिदी.

दिवस सांगताना हात आखडू नका. तुमचा बेत आठ दिवसांचा असेल तर दहा-अकरा सांगा. एक दरड, एक ताप, एक बंद, आणि दोन दिवस जातात. मुदत उलटल्यावरचा दंड त्या दोन दिवसांच्या शुल्कापेक्षा फार जड असतो, शिवाय गाडी अडकते.

कागद हातात आला की खिडकीपासून हलू नका. तिथेच वाचा. गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिसचे आकडे, आणि मिति. मिति म्हणजे तारीख, आणि ती विक्रम संवतातली असते. आमच्या दुसऱ्या खेपेच्या कागदावर, नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, कार्तिक २०८२ लिहिलेलं होतं. कार्तिक बघून आपल्याला कालनिर्णयातला कार्तिक आठवतो, पण तो हा नाही. त्यांचा महिना सौर असतो, आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतो, आणि काही महिन्यांत ३२ दिवसही असतात. म्हणून मनातल्या मनात हिशेब करू नका. कारकुनालाच विचारा, इंग्रजी तारीख कोणती, आणि ती पेनाने कागदाच्या मागे लिहून घ्या. आमच्या कागदात आलो तो दिवसही मोजलेला होता, म्हणजे मी धरून चाललो होतो त्यापेक्षा एक दिवस कमी. तिथल्या तिथे विचारलं म्हणून कळलं.

या कागदाचा फोटो काढा, दोन झेरॉक्स काढा, आणि मूळ प्रत डॅशबोर्डवर टाकू नका. उन्हाने शाई उडते. पुढे पोखऱ्यात, काठमांडूच्या वेशीवर पोलीस थांबवतात तेव्हा सर्वात आधी हाच कागद मागतात.

पलीकडचा रस्ता

गाडी डावीकडूनच चालवायची. भैरहवा चार-पाच किलोमीटरवर आहे, लुंबिनी तिथून अर्ध्या-पाऊण तासावर. पहिला मुक्काम लुंबिनीला करा. सीमेवरची दगदग झाल्यावर त्याच दिवशी घाट चढू नये.

बुटवलपाशी मैदान संपतं आणि सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. सिद्धबाबाचा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. वरून दगड येत असतील तर ऐकू यावं म्हणून काच खाली घ्या, गाणी बंद करा, आणि रेंगाळू नका. 'पहिरो' असं लिहिलेलं दिसलं की दरड समजा. 'बिस्तारै' म्हणजे हळू, 'बाटो' म्हणजे रस्ता, 'मर्मत' म्हणजे दुरुस्ती. काठमांडू-पोखरा हा १७४ किलोमीटरचा पृथ्वी राजमार्ग नकाशावर चार तासांचा वाटतो, रुंदीकरणाच्या कामांमुळे दिवस जातो. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवू नका.

नियम पाळा, तिकडे ते पाळले जातात. दारू पिऊन गाडी चालवण्याला तिथे अजिबात माफी नाही. काठमांडूत २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. आपला हात सारखा हॉर्नवर जातो, तो आवरायला मला दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी त्या शांततेची सवय झाली. टॅक्सी ओळखायची असेल तर पाटीचा रंग बघा: काळी पाटी भाड्याची, लाल पाटी खासगी.

मुक्तिनाथला जाणाऱ्यांना माझा सल्ला, आपली गाडी पोखऱ्यात ठेवा आणि स्थानिक जीप करा. बेनीच्या पुढचा रस्ता आणि ३,७०० मीटरच्या वरची हवा, दोन्हींची सवय असलेला माणूस चाकावर हवा. वृद्ध माणसं बरोबर असतील तर जोमसोमला एक रात्र थांबून मगच वर जा.

पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४. हे नंबर गाडीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, फक्त चालवणाऱ्याच्या नको.

परत येताना

घरची ओढ लागलेली असते, कमान समोर दिसते, आणि लोक सरळ भारतात येतात. भन्सारचा कागद खिशातच राहतो. त्यांच्या नोंदीत मग तुमची गाडी अजून नेपाळातच असते. बाहेर पडताना थांबा, कागद दाखवा, गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. दुसऱ्या नाक्याने परतायचं असेल तर ते आत येतानाच भन्सारच्या खिडकीवर सांगून ठेवा.

परदेशी गाडीला नेपाळात एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात, आणि त्यांचं आर्थिक वर्ष साउन महिन्यात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यावर सुरू होतं. आम्ही नोव्हेंबरमधले अकरा दिवस वापरले. गाडीच्या फोल्डरमध्ये आतल्या बाजूला आईच्या अक्षरात लिहून ठेवलंय: उरले १९, जुलैपर्यंत.